मावळात बलून उडवायचा तर वारा ॲपवर नाही, शेतात मोजा

‘मावळात दोन एकर आहेत? हॉट एअर बलूनचा धंदा काढा’ अशा मथळ्याचा मजकूर सध्या मोबाइलवर खूप फिरतोय. भांडवल, तिकिटाचा दर, वर्षाची कमाई, सगळं त्यात मांडलंय. वाऱ्याला मात्र चारच वाक्यं दिली आहेत. ॲपवर वारा ताशी 15 किलोमीटरच्या खाली दिसला की उडवा. कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं, म्हणजे बलूनही चालणारच. वारा अजिबात नसेल तर सोन्याहून पिवळं. आणि चांगला पायलट बलून हवा तिथे नेतो, अमेरिकेत तर उडाल्या मैदानातच परत उतरवतात. ओळखीतला एक मुलगा हाच मजकूर घेऊन कर्जाच्या चौकशीला निघाला होता, म्हणून हे लिहितोय. चारही वाक्यं चुकीची किंवा अर्धवट आहेत.

पहिलं ॲपचं. ॲपवरचा आकडा सहसा जमिनीपासून 10 मीटर उंचीचा, आणि तोही गणिती मॉडेलमधून आलेला असतो. जागतिक मॉडेलांपैकी बारीक मानलं जाणारं युरोपीय मॉडेलसुद्धा सुमारे 9 किलोमीटरचे चौकोन पाडून हिशोब करतं. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत घाट पाचशे मीटरहून अधिक चढतो, तोही एवढ्याशाच अंतरात. तुमच्या शेतामागची टेकडी आणि समोरचं पवनेचं खोरं त्या चौकोनात सपाट होऊन जातं.

त्याहून मोठा धोका उंचीचा आहे. थंडीच्या रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार हवा राहते. शाळेत याला आपण तापमानाची विपरितता म्हणायचो. पहाटे गावावर चुलींचा धूर आडव्या चादरीसारखा पसरलेला दिसतो तो यामुळेच. या चादरीखाली पान हलत नाही, आणि दोन-तीनशे मीटरवर ताशी 30 किलोमीटरचा वारा असू शकतो. ऊन चढलं की चादर फाटते, वरचा वारा झोतांनी खाली उतरतो, आणि नेमकी तीच बलून उतरवायची वेळ असते. 3000 घनमीटरच्या बलूनमध्ये नुसती हवाच अडीच टनांहून जास्त भरते. एवढं वजन ताशी 25 किलोमीटरने जमिनीला टेकलं की बास्केट आडवी होऊन माणसांसकट फरफटत जाते. वेग दुप्पट झाला की कापडावरचा वाऱ्याचा जोर चौपट होतो, हेही त्या मजकुरात कुठे नाही.

पॅराग्लायडिंगचा दाखला तर उलटाच आहे. पॅराग्लायडरला डोंगराला थडकून वर चढणारा वारा आणि तापल्या जमिनीवरून उठणारे हवेचे फुगोटे हवे असतात. बलूनवाल्याला या दोन्हींपासून लांब राहायचं असतं. हा वारा सुटायची वेळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आपल्यापेक्षा चांगली कळते. खळ्यावर उफणणीला सूप घेऊन उभं राहिलेल्यांनी वारा कधी सुटतो याची वाट पाहण्यात आयुष्य घालवलंय. त्यांची उफणणीची वेळ सुरू व्हायच्या आत तुमचा बलून गुंडाळून झालेला हवा. संध्याकाळचंही तसंच. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडचे खारे वारे घाट ओलांडून पुण्यापर्यंत पोचतात. त्या महिन्यांत संध्याकाळची उड्डाणं कमाईच्या हिशोबात धरूच नयेत.

वारा शून्य असणं हे काही सोनं नाही. बलून तलावावर किंवा रानावर जाऊन थांबला आणि टाकीतला गॅस संपत आला, तर उतरायचं कुठे? शिवाय अशाच निपचित सकाळी खोऱ्यात धुकं भरतं. 30 जुलै 2016 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ धुकं आणि खालचे ढग असताना एक बलून उडाला, उतरताना विजेच्या तारांना लागला आणि त्यातली सगळी, म्हणजे 16 माणसं गेली.

उडाल्या मैदानात परत उतरण्याची गोष्ट अमेरिकेतल्या अल्बुकर्क शहराची, आणि ती खरी आहे. तिथे ऑक्टोबरच्या पहाटे रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून गार हवा दक्षिणेकडे वाहते आणि तिच्या वर उत्तरेकडे जाणारा वारा असतो. पायलट खालच्या थरातून जातो, बर्नर पेटवून वर चढतो आणि वरच्या थरातून परत येतो. 1972 साली सुरू झालेला तिथला बलून महोत्सव त्यावर वाढला, पण हा योग तिथेही रोज जुळत नाही. बलूनला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त उंची असते. तुमच्या खोऱ्यात कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेचा वारा आहे हे माहीत नसेल, तर कसलेला पायलटही वाऱ्याच्या स्वाधीन.

मग करायचं काय? हवामान खात्याचे जुने सरासरी तक्ते जरूर बघावेत, पण त्यांतली निरीक्षणं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची असतात. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे साडेआठचा आकडा उड्डाण संपल्यानंतरचा. तुमची वेळ तुम्हालाच मोजावी लागेल. 10 मीटरच्या खांबावर वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदणारं यंत्र लावा. पहाटे हेलियमचा छोटा फुगा सोडा आणि होकायंत्र व कोनमापकाने दर मिनिटाला तो कुठे आहे ते टिपा. गॅसच्या मापावरून फुगा मिनिटाला किती चढतो ते कळतं, त्यावरून प्रत्येक उंचीचा वारा काढता येतो. पुण्याच्या वेधशाळेतही वरच्या हवेचा वारा असाच फुगे सोडून मोजत आले आहेत. ऑक्टोबर ते मे, रोज, उजाडताना आणि त्यानंतर दोन तास. एक हंगाम तरी हवाच; माझ्या मते दोन. पावसाळ्याचे चार महिने तर सुरुवातीलाच वजा करा.

आणि ही वही भरत असताना मोटरसायकल काढा. ज्या दिशेला फुगे जास्त वेळा गेले, तिकडे दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या. विजेच्या लाईनी, रेल्वेच्या तारा, द्रुतगती मार्ग, पवनेचं पाणी, भात अजून उभं असलेली खाचरं, सगळं नकाशावर लाल करा. ज्यांच्या वावरात उतरायचं त्यांना आधी भेटा. उरलेल्या पांढऱ्या जागा पुरेशा असतील, तरच बँकेची पायरी चढा.