सोळा घरांत विरजण नाही

आज मला खूप राग आलाय आणि तो लिहिल्याशिवाय जाणार नाही, म्हणून लिहितीये. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

भाच्याच्या लग्नाला बारा दिवस नागपूरला होतो. निघताना ह्यांनी घराचा मेन स्विच बंद केला, फ्रिज माझ्याही लक्षात आला नाही. परत येऊन दार उघडलं तर फ्रिजमधलं सगळं गेलेलं, आणि त्यात विरजणाची वाटी. वर हिरवी-काळी बुरशी. बाकी सगळं फेकून दिलं, पण ती वाटी हातात घेऊन बराच वेळ उभी होते. मग म्हटलं, असू दे, चमचाभर विरजण कोण देणार नाही? आमच्या बिल्डिंगमध्ये चार मजले, सोळा घरं. आमचं सोडून पंधरा. वाटी घेऊन निघाले.

पंधराच्या पंधरा घरांत विरजण नाही! दोन घरं बंद होती, ती सोडा, पण बाकीच्यांकडे? सगळीकडे दह्याचे प्लॅस्टिकचे डबे. एका घरात तर त्या मुलीला विरजण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं, मराठीच घर, आडनाव सांगत नाही. तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, "अहो काकू, ॲपवरून मागवा ना, दहा मिनिटांत येतं." प्रेमानेच म्हणाली बिचारी, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला दही नकोय गं, मला विरजण हवंय!

आता म्हणाल, पाकिटातल्या दह्याचंही विरजण लागतं. लागतं, मान्य. पण फॅक्टरीत ठरावीक निवडलेले जिवाणू घालतात, त्याचं दही दोनचार वेळा बरं लागतं आणि मग कधी पाणी सुटतं, कधी तार येते, आणि आपण पुन्हा नवीन डबा आणतो. घरचं विरजण म्हणजे त्या घरातल्या हवेचं, भांड्यांचं, हातांचं झालेलं असतं. आईचं दही कवडीचं लागायचं, वाटी उलटी धरली तरी पडायचं नाही. दूध कोमट किती हवं तर करंगळी बुडवून दहापर्यंत आकडे मोजता आले पाहिजेत. अर्धा लिटरला एक छोटा चमचा, नीट घुसळून. थंडीत पातेलं पिठाच्या डब्यात खुपसून ठेवायचं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, तेव्हा विसरलात की आंबटढाण. एवढंच तर आहे! याला कुठला क्लास लागतो?

आणि हे विरजण साधं नव्हतं. आई २०१९ ला गेली. तेरावं झाल्यावर निघताना तिच्या फ्रिजमधली दह्याची वाटी मी डब्यात घालून घेतली. वहिनी म्हणाली, "दही कशाला नेतेस, वाटेत सांडेल." सांडू दिलं नाही. मांडीवर डबा धरून परळहून पुण्याला आणला आणि त्याच रात्री विरजलं. तेव्हापासून रोज.

आमची परळची चाळ. आरेच्या केंद्रावर पहाटे कार्ड घेऊन रांगेत उभं राहून दुधाच्या बाटल्या आणायच्या, ते काम माझं आणि दादाचं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. आमचे वडील गिरणीत नव्हते, पण समोरच्या खोलीतले काका होते, आणि बघता बघता त्या घरातलं दूध दोन बाटल्यांवरून एकावर आणि एकावरून पाव लिटरवर आलं. एकदा ऐन दिवेलागणीला काकू दारात. धाकट्याला हगवण लागलेली, दुपारपासून पोटात काही ठरत नाही, दूध विरजून सकाळी दहीभात भरवते म्हणाल्या, पण घरात विरजण नाही, असलेलं दही दुपारीच संपलं. आजी लगेच, "तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत." आमची आजी राजापूरकडची, तिच्या शब्दापुढे वडीलसुद्धा बोलायचे नाहीत. आई म्हणाली, "लक्ष्मीचं मी बघते, पोरगं आजारी आहे." आणि फुलपात्रात विरजण घालून दिलं. मी आठ-नऊ वर्षांची, उंबऱ्यात उभी होते. आईने आजीला उलटून उत्तर दिलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं.

हे मला आज प्रत्येक दारात आठवत होतं. काकूंना समोरच्या दारात मागता तरी आलं. आज एखाद्या पोरीचं मूल रात्री आजारी पडलं तर ती कोणाच्या दारात जाईल? ॲपवर जाईल. मिळेलही, नाही म्हणत नाही. पण तिच्या घरातलं पातेलं, तिचं पोरगं, तिचा चेहरा कोणाला दिसणार?

आपण बाहेरून काय काय आणायला लागलोय बघा. आलं-लसणाची पेस्ट, चिरलेलं खोबरं, भिजवलेली कडधान्यं, आणि ताक! ताक पिशवीत! २०२२ च्या जुलैत पाकीटबंद दही-ताकावर ५ टक्के जीएसटी लागला तेव्हा माझ्या ह्याच वॉलवर किती जणी चिडल्या होत्या. अगं, मग घरी लावा ना! घरी लावलेल्या दह्यावर कोण कर घेणार आहे? साय आठ दिवस साठवा, विरजण लावा, घुसळा, लोणी काढा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, विड्याचं पान टाकून कढवा. तूप मिळतं, ताक मिळतं, आणि तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून पोरांना द्या, बघा भांडं कसं चाटूनपुसून ठेवतात. हे कुठल्या ॲपवर मिळतं ते मला दाखवाच.

बरं, नोकरी करणाऱ्या बायकांना वेळ नसतो. मी पण केली नोकरी, अठ्ठावीस वर्षं, मार्चएंडला मी पण बाहेरचा डबा आणलाय. आणि हो, हे बायकांनीच का करायचं, हेही बरोबर आहे. नवऱ्यांनी लावा! करंगळी त्यांनाही आहे!

आणि "उत्साहावर विरजण पडलं" असं आपण का म्हणतो मला कळत नाही. इतकी चांगली गोष्ट, आणि आपण ती नासवण्याच्या अर्थाने वापरतो.

तर इतकं टाईप करून थांबले होते, आणि मग मला त्या काकूंची आठवण आली. डोंबिवलीला असतात आता, ऐंशीच्या पुढे. आमच्या दोन घरांत विरजणाची ये-जा कायमची होती. आजी गेली तेव्हा सुतकात आमचं विरजण नासलं, तर दहा दिवसांनी काकूच वाटी घेऊन आल्या होत्या. आई म्हणाली होती, "माझंच परत आलं." म्हटलं, काकूंकडे नक्की असणार, आईचंच. उद्या सकाळची गाडी पकडून जाऊन यायचं असं मनात ठरवूनच फोन लावला.

काकू म्हणाल्या, "नाही गं बाई. दोन वर्षं झाली. गुडघ्यामुळे ओट्याशी उभं राहवत नाही, सून सातला बाहेर पडते. डबाच आणतो आता."

काय बोलणार? इतका वेळ मी ज्यांच्यावर चिडत होते त्यांत काकूपण आल्या. त्यांना मी एक शब्द बोलू शकले नाही, आणि बोलायचा अधिकारही नव्हता.

मग त्याच म्हणाल्या, तुला ती संपातली तिन्हीसांज आठवते का? म्हटलं, आज दिवसभर तेच आठवतंय. तर म्हणाल्या, "तुझी आजी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दारात आली होती. आत नाही आली. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, लागलं का गं दही? मी म्हटलं लागलं. बरं, म्हणाली आणि गेली. तुझ्या आईला सांगू नको म्हणाली." काकूंनी आईला कधीच सांगितलं नाही. मला आज सांगितलं, चव्वेचाळीस वर्षांनी.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती बसून राहिले.

आईचं विरजण गेलं, ते आता येणार नाही. पण विरजण नसेल तर हिरव्या मिरच्यांची देठं घालतात, हे आजीचंच सांगणं. कोमट दुधात पाच-सहा देठं, दहा-बारा तास झाकून ठेवायचं. पहिलं दही सैलच होतं, ते खायचं नाही, त्याचं विरजण करून पुन्हा लावायचं, मग दुसरं नीट बसतं. रात्री साडेदहाला दूध तापवलं, करंगळी बुडवून दहा मोजले, देठं घातली, पातेलं पिठाच्या डब्यात ठेवलंय. आता पावणेबारा. मघाशी एकदा डबा उघडून बघितला, उघडायचा नसतो, माहितीये.

आमच्या बिल्डिंगमधल्या ज्या ही पोस्ट वाचतायत, त्यांनी परवा वाटी घेऊन या. तिसऱ्या मजल्यावरच्या, तू पण ये गं. संध्याकाळी आलीस तरी देईन.