जाणाऱ्याचा हिशोब झाला, राहणारीचा कोण करणार?

मागच्या रविवारी जाऊबाईंकडे सगळे जमलो होतो. पुतण्याला ऑफर लेटर आलंय. रुवैसची रिफायनरी, इन्स्ट्रुमेंटेशनचं काम, महिना १२,००० दिरहम. रुवैस म्हणजे अबू धाबी शहरापासून पश्चिमेला साधारण २४० किलोमीटर. एका अंगाला समुद्र, बाकी वाळवंट. पण ते कुणी विचारलंच नाही. दोन मिनिटांत प्रत्येकाने मोबाइलवर दिरहमचे रुपये करून पाहिले. भाऊजी म्हणाले, "यात विचार कसला करायचा?" जाऊबाई देवापुढे साखर ठेवून आल्या. आणि मग पोरगा माझ्याकडे वळला. "काकू, तू सांग. जाऊ का?"

त्याने काकांना विचारलं नाही, मला विचारलं. आमचे हे २०११ ते २०२० सौदीत जुबैलला होते. मधली तीन वर्षं आम्ही तिकडे गेलो होतो, बाकी सगळा काळ मी इथे बडोद्यात, दोन मुलं आणि सासू-सासऱ्यांबरोबर. हे गेले तेव्हा हा पुतण्या आठवीत होता. घरात काही झालं की सायकल काढून पहिला हाच यायचा. म्हणून त्याला माहीत आहे. मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. आठवडाभर मनात घोळतंय ते इथे लिहिते आहे, कारण कोयली रिफायनरी आणि आसपासच्या कारखान्यांतली आपली कितीतरी मुलं याच वळणावर उभी आहेत.

आधी एक सांगते. मी जाण्याच्या विरोधात नाही. गोत्रीचा फ्लॅट त्या पैशातून झाला, मुलीचं शिक्षण त्या पैशातून होतंय. आणि आपण बडोद्याची मराठी माणसं मुळात कोण? गायकवाडांच्या चाकरीसाठी घर सोडून परमुलखात आलेल्यांचीच लेकरं. पोटासाठी गाव सोडण्यात कमीपणा नाही.

माझं म्हणणं हिशोबाबद्दल आहे, आणि तो आपण अर्धाच करतो.

जाणाऱ्याचा हिशोबसुद्धा धड होत नाही. पुतण्याच्या पत्रात १२,००० पैकी बेसिक, म्हणजे मूळ पगार, फक्त ५,००० आहे, बाकी भत्ते. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. म्हणजे पाच वर्षांनी हातात १७,५०० दिरहम. सगळा पगार बेसिक असता तर ते ४२,००० झाले असते. यावर बोलणी करायची तर सहीआधीच करायची. आमच्या ह्यांनी नऊ वर्षांनी स्वतःहून राजीनामा दिला. सौदीच्या कायद्यात पाच ते दहा वर्षांच्या दरम्यान राजीनामा दिला तर सेवासमाप्तीच्या रकमेतले दोन तृतीयांशच मिळतात. आम्हाला हे तेव्हा कळलं, जेव्हा राजीनामा देऊन झाला होता.

तारखेचंही तसंच. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला, तर त्या वर्षी तो इथला निवासी धरला जातो आणि तिकडचा पगारही इथल्या करात येतो. हे नोव्हेंबरात गेले होते, पहिल्या पाच महिन्यांच्या पगारावर आम्ही इथे कर भरला. पुतण्याला २० ऑक्टोबरची तारीख दिलीय. मी त्याला परवाच फोन केला की कंपनीला सप्टेंबरचा पहिला आठवडा मागून बघ, फार तर नाही म्हणतील.

हे सगळं शिकता येतं. सी.ए. सांगतो, तिथे गेलेले मित्र सांगतात. पण मागे राहणाऱ्याचं कुणीच सांगत नाही.

२०१३ साली फ्लॅटच्या दस्ताची तारीख ठरली. दोघांच्या नावाने घ्यायचा होता. ह्यांच्या प्लांटला नेमका शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद, रजा मिळेना. जाण्याआधी मुखत्यारपत्र करून ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग त्यांनी रियाधला भारतीय दूतावासात जाऊन सही करायची, कागद कुरियरने इथे यायचा, आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. दीड महिना मी बिल्डरकडे आणि कचेरीत हेलपाटे घातले. ह्यांचा पैसा दर महिन्याला वेळेवर येत होता. पैशासाठी माझं कधीच अडलं नाही. अडायचं ते सहीपाशी.

सहीचंच आणखी सांगते. २०१४ च्या पावसाळ्यात रात्री नाना, म्हणजे माझे सासरे, न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. १०८ ला फोन केला, मुलांना शेजारच्या बेनकडे झोपवलं, सासूबाईंना एकटं ठेवता येईना म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. दवाखान्यात ऑपरेशनचा फॉर्म पुढे आला आणि काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "पेशंटना तमे कोण?" म्हटलं, सून. "दीकरो क्यां छे?" मुलगा कुठे आहे, तो प्रश्न त्या रात्री मला तीन वेळा विचारला गेला. तिसऱ्या वेळी मी उत्तर न देता फॉर्म ओढून सही केली. सकाळी सातला ह्यांचा फोन लागला तेव्हा ते रात्रपाळी संपवून बसमध्ये बसले होते, आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

ह्यांचे दिवसही सुखाचे नव्हते. एका खोलीत दोघं जण, हाताने करून खायचं, सहा-सहा महिने मुलांचं तोंड दिसायचं नाही. ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या कष्टाला घरात आणि समाजात नाव होतं, "तो तिकडे राबतोय". माझ्या कामाला तसं काही नाव नव्हतं. वेरा, म्हणजे घरपट्टी, भरायला खंडेराव मार्केटातली महापालिका, मुलांच्या शाळेतल्या मीटिंगा, नानांची फिजिओथेरपी, सगळं "ती घरीच असते ना" यात जमा.

"बायकोमुलांना घेऊन जा" हा सल्ला लोक फार सहज देतात. आम्ही गेलो की २०१५ साली. मुलं रुळली, मलाही तिथल्या मैत्रिणी मिळाल्या. मग जुलै २०१७ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारांच्या कुटुंबावर फी लावली. दर माणशी महिना १०० रियाल, दर वर्षी आणखी १००, असं करत २०२० पर्यंत ४००. आम्ही तिघं. पहिल्या वर्षाचे ३,६००, वाढत वाढत वर्षाला १४,४०० होणार, आणि इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, नवा करताना आगाऊ भरायचे. २०१८ साली फ्रिज, गाद्या, मुलांच्या सायकली विकून आम्ही परत आलो. मुलाने चौथीत तिसरी शाळा पाहिली. दुसऱ्याच्या देशात नियम एका रात्रीत बदलतो आणि तिथे आपल्याला मत नसतं, हे गृहीत धरूनच संसार मांडायचा असतो.

बडोद्याने परदेशी पाठवणं फार पूर्वीच केलं. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हा करार झाला होता. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षं सेवा. (१९१७ साली ते शब्दाप्रमाणे आले आणि या शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते झाडाखाली बसून राहिले त्या कामाटीबागेत गेले की मला अजून लाज वाटते.) किती वर्षं, किती पैसे, परत कशासाठी, हे आधी कागदावर होतं. आमच्याकडे काय होतं? "दोन-तीन वर्षं काढू, मग बघू." त्याची नऊ झाली. कुणी फसवलं नाही, कुणी ठरवलंच नव्हतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. कागद करा. किती वर्षं, कशासाठी, आई-वडिलांचं कोण बघणार, मुखत्यारपत्र कुणाच्या नावाने, नियम बदलला तर कोण कुठे राहणार. आणि त्या कागदावर पहिली सही मागे राहणाऱ्याची हवी. तिने नाही म्हटलं तर जायचं नाही. हो, इतकं स्पष्ट. जिच्या अंगावर काम पडणार तिला नकार द्यायचा हक्क नसेल तर त्याला घरचा निर्णय म्हणू नये.

मागच्या रविवारी आम्ही सगळे मोबाइलवर रुपये मोजत होतो तेव्हा पुतण्याची बायको आत चहा गाळत होती. शाळेत शिक्षिका आहे, दोन वर्षांपूर्वी कायम झाली. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. घरी आल्यावर हे ध्यानात आलं आणि झोप लागली नाही. बुधवारी तिला फोन केला. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, मला जायचंय का नाही तेच मला माहीत नाही. विचार करायला कुणी वेळच दिला नाही."

या रविवारी दोघांना आमच्याकडे बोलावलंय. तिला सांगितलंय, वही घेऊन ये आणि सोफ्यावर बस. चहा मी करेन.