गरमीची जखम भरली, पण गरमी गेली का?

गरमी, म्हणजे उपदंश, या आजाराविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गुप्तांगावरची न दुखणारी जखम थंड खाण्याने महिनाभरात भरते, म्हणून इंजेक्शन नको. इंजेक्शन घेऊनही रक्ततपासणी पॉझिटिव्हच राहते, म्हणून ते निरुपयोगी. आणि जोडीदाराला त्रास नसेल तर त्याला उपचार नकोत, असे त्याचे म्हणणे आहे.

पहिल्या विधानातले निरीक्षण खरे आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. जखम साधारण 3 ते 6 आठवड्यांत भरते, पण ती ताक किंवा सब्जा न घेताही भरतेच. तोवर ट्रेपोनेमा पॅलिडम हा जंतू रक्तावाटे अंगभर पोहोचलेला असतो. पुढे अनेकांच्या तळहातांवर आणि तळपायांवर बहुधा न खाजणारे तांबूस डाग उठतात, ज्यांना घरोघरी ‘उष्णता’ म्हटले जाते, आणि तेही आपोआप जातात. त्यानंतर कित्येक वर्षे काहीच जाणवत नाही. मात्र उपचार न घेतलेल्या काही रुग्णांत हृदयाजवळची महाधमनी किंवा मेंदू यांची हानी उशिरा उघड होते.

तपासणीचा मुद्दा अर्धवट माहितीतून आलेला आहे. टीपीएचए ही चाचणी आजार बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडला की नाही, हे व्हीडीआरएल या दुसऱ्या रक्तचाचणीच्या प्रमाणावरून, म्हणजे रक्त किती पट पातळ करूनही ती पॉझिटिव्ह येते यावरून, ठरते. ते 1:32 वरून 1:8 वर आले, म्हणजे चौपट उतरले, तर औषधाने काम केले असे डॉक्टर मानतात. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटांचा एकच डोस पुरतो. आजार जुना असेल किंवा केव्हा जडला हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन डोस देतात. कुल्ल्यात दिले जाणारे हे दुधाळ, दाट औषध सुईत अडकते आणि चांगलेच दुखते, हे मान्य. पण ते स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते, आणि फार सावकाश वाढणाऱ्या या जंतूला नेमके तसेच औषध लागते. पहिल्या 24 तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ती बहुधा मरणाऱ्या जंतूंवरची शरीराची प्रतिक्रिया असते. पुरळ उठले किंवा श्वास लागला, तर मात्र ती ॲलर्जी असू शकते आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

जोडीदाराविषयीचे विधान मला सर्वांत घातक वाटते. गर्भाशयाच्या मुखावरची किंवा गुदद्वाराच्या आतली जखम दिसतही नाही आणि दुखतही नाही, तेव्हा ‘त्रास नाही’ याला काही अर्थ उरत नाही. एकालाच उपचार दिले तर तो पुन्हा बाधित होतो. पत्नी गरोदर असेल तर संसर्ग बाळापर्यंत जातो, गर्भ दगावू शकतो, आणि तिथे पेनिसिलिनला पर्याय नाही. ॲलर्जी असली तरी रुग्णालयाच्या देखरेखीखाली शरीराला त्याची सवय करून तेच देतात. तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये मोफत होतात, आणि तिथे दोघांनी एकत्र गेलेले बरे.