मामा, तू तरी बोलायचंस

आज दुपारी सगळे घरी जमलो होतो. भाचीने सांगितलं, "मला प्रवेश मिळाला." विषय उद्यानं, मनोरंजन, फुरसत आणि फिटनेस. विद्यापीठाची रीतसर पदवी. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "म्हणजे बागेत फिरायची डिग्री?" सगळे खो खो हसले. "शिट्टी कधी देणार गं तुला?" हे आणखी कुणाचं तरी. पोरगी कसनुसं हसली, रिकामे ग्लास गोळा केले आणि आत निघून गेली.

रात्री तिचा मेसेज आला, "मामा, तू तरी बोलायचंस."

खरंय. बोलायला हवं होतं. तेव्हा नाही बोललो, आता बोलतो.

हा विनोद झाला तेव्हा बाबा त्याच खोलीत बसले होते. आतल्या खोलीतून स्वतःच्या पायांनी चालत येऊन बसले होते. हसणाऱ्यांपैकी एकालाही हे आठवू नये?

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी बाबांचा जीव वाचवला, फिजिओथेरपिस्टने त्यांना उभं केलं. त्यांचे उपकार आहेतच. पण घरी आल्यावर बाबा चालेनात. विनवण्या केल्या, रागावलो, काठी आणून दिली. त्यांचं एकच, "चालून जायचं कुठे?" आमच्यापैकी कुणाकडेच याला उत्तर नव्हतं.

मग पुनर्वसन केंद्रातून एक मुलगी यायला लागली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, याच विषयाची. पहिल्या दिवशी तिने व्यायामाचं नावसुद्धा काढलं नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि विचारलं, "आजोबा, आधी संध्याकाळी काय करायचात?" बाबा म्हणाले, "बागेपलीकडच्या मैदानावर पोरांचा खेळ बघायचो. तिसऱ्या बाकावरून." दुसऱ्या दिवशी ती बागेत जाऊन पावलं मोजून आली. फाटकापासून पहिला बाक 40 पावलं, पहिल्यापासून दुसरा 62, तिसरा त्याच्याही पुढे. "आधी पहिला बाक," म्हणाली. "तिसऱ्याचं नंतर बघू."

आणि अडचण त्या पहिल्या बाकाचीच होती. बुटका, आणि दोन्ही बाजूंना हात नाहीत. बसलं की गुडघे कमरेच्या वर जातात, मग उठायचं तर सगळा जोर मांड्यांवर. धरायला काही नाही. बाबा चालायला घाबरत नव्हते, बसल्यावर उठता येणार नाही म्हणून घाबरत होते! मी वर्षानुवर्षं त्या बाकाशेजारून जातोय. मला कधी दिसलं नाही. तिला पहिल्याच फेरीत दिसलं, कारण ती हे शिकली होती.

आता सांगा, ही बागेत फिरायची डिग्री?

या मुलांना शरीररचना शिकावी लागते, व्यायामाने हृदयाचं आणि स्नायूंचं काय होतं ते शिकावं लागतं. प्रथमोपचार, नियोजन, अंदाजपत्रक, कायदा, व्हीलचेअर फिरेल असा रस्ता आखणं, सगळं आलं त्यात. झोपाळ्याखाली टणक जमीन असली तर पडलेल्या पोराचं डोकं फुटतं, म्हणून तिथे काय अंथरायचं आणि किती जाड, हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. झाडाखालची माती माणसांच्या पायांनी दबून घट्ट झाली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, हेही. बाग आपोआप बाग राहत नाही हो!

बाबांबरोबर चालताना ती मुलगी सारखी बडबडायची. मला वैताग यायचा. एकदा म्हणालोच, "अगं, त्यांना शांतपणे चालू दे ना." ती म्हणाली, "काका, मी त्यांचा दम मोजतेय. बोलता यायला हवं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की बरोबर. बोलणं तुटलं की थांबायचं." त्यानंतर मी गप्प.

लंडनमध्ये 1953 साली जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. 1984 साली रॉजर उलरिच या संशोधकांनी मांडलं की शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. छान. पण तो करायचा कुठे, कुणासोबत, आणि मनच नसेल तर काय? त्या दीडशे मिनिटांसाठी माणसाला घराबाहेर कोण काढणार?

आपल्याकडे फुरसत म्हणजे काम उरकल्यावर उरलेला चोथा. बसलेला माणूस म्हणजे रिकामटेकडा. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहिलाय, चोविसाव्या कलमात. 'स्कूल' हा शब्दसुद्धा ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ फुरसत. आणि आपण फुरसतीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला हसतो. आजारी माणसाला मात्र लगेच सांगतो, "जरा मन रमवा." कसं रमवायचं ते कोण शिकवणार?

बरं, पगार सुरुवातीला बेताचा असेल. काही ठिकाणी नुसती फी घेऊन कागद हातात देतात, तेही मान्य. हे कुठल्या पदवीला लागू नाही?

जाऊ दे. चिडून लिहायला बसलो होतो, पण बाकाचं लिहिता लिहिता राग उतरला.

त्या मुलीने बागेच्या व्यवस्थापनाला अर्ज लिहिला, सोबत बाकाचं मोजमाप आणि हाताने काढलेली आकृती. काही महिन्यांनी पहिल्या दोन बाकांना लोखंडी हात बसले. तोवर तिचं प्रशिक्षण संपलं होतं, तिने ते पाहिलेही नाहीत. बाबा त्या दिवशी पहिल्या बाकावर बसले, उजव्या हाताने तो लोखंडी हात धरला आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. चार वेळा. मी शेजारी उभा होतो, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचायला आणखी दोन महिने लागले. पोरांचा खेळ तेव्हा संपत आला होता, तरी अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

बाळा, दुपारी गप्प बसलो, माझं चुकलं. कागदपत्रं जमा करायची शेवटची तारीख कळव, मी सोबत येतो. आणि आजोबांनी निरोप दिलाय. तिसऱ्या बाकाला अजून हात बसलेले नाहीत. तू सुट्टीत येशील तेव्हा मोजपट्टी घेऊन ये म्हणाले.