घोडा जुंपला नाही म्हणून आपण मागे राहिलो?

"युरोपने नांगराला घोडा जुंपला आणि तो पुढे गेला; आपण पोळ्याला बैल पूजत बसलो आणि मागे राहिलो." या अर्थाचा मजकूर दर पोळ्याला फिरतो. ऐकायला चटकदार आहे, पण तपासायला घेतला की उसवायला लागतो.

युरोपने बैल सोडला, हा पहिला दावा. इंग्लंडमध्ये 13व्या शतकात वॉल्टर ऑफ हेन्ली याने जमीनदारांसाठी शेतीच्या कारभारावर लिहून ठेवलंय आणि त्याचा कौल चक्क बैलाला आहे. हिशेब रोकडा. तबेल्यात बांधलेल्या घोड्याला रोज रात्री ओट नावाचं धान्य घाला, वर नालबंदीचा खर्च. बैल थकला तर धष्टपुष्ट करून खाटकाला विकता येतो, घोड्याचं मात्र कातडंच हाती लागतं. बरं, घोड्याचा वेग? तर नांगरे खोडसाळपणाने घोड्यांना बैलांपेक्षा जोरात चालूच देत नाहीत, असं तो म्हणतो. (मालकाने घोडे घेतले म्हणून गड्याने का दमायचं!) जमीन फारच दगडाळ असेल आणि बैलाचा पाय ठरत नसेल, तर मात्र घोडा घ्या, एवढी सूट तो देतो.

दुसरा दावा घोड्याच्या खांद्यावर बसणाऱ्या गादीच्या पट्ट्याचा: तो आला आणि शेती पालटली म्हणे. हा पट्टा चीनमध्ये युरोपच्या कितीतरी आधी होता. तरी तिथल्या शेतात बैल आणि रेडेच राबत राहिले.

अमेरिकेचं उदाहरणही हमखास येतं. सिनेमात काहीही दाखवोत, 19व्या शतकात वस्ती करायला पश्चिमेला ओरेगॉनकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना बैल होते. घोड्याचं खरं राज्य आलं ते कापणीयंत्रांबरोबर. यंत्राची पाती जमिनीवर फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर चालत, त्यामुळे चाल जलद आणि एकसारखी लागे. इथे घोडा सरस, हे मान्यच. पण 1915 च्या आसपास त्या देशात घोडे-खेचरं अडीच कोटींच्या वर गेली आणि पिकाखालची जवळपास पाव जमीन त्यांच्याच दाणावैरणीला लागत होती. तिथले शेतकरी जनावरांसाठी एवढी जमीन सोडू शकत होते.

आता आपल्याकडे. बैल रवंथ करतो, ज्वारीच्या कडब्यावर उन्हाळा काढतो, कामाच्या दिवसांत थोडी पेंड मिळाली तरी भागतं. त्याचं वशिंडही जुवाला आयतंच. घोड्याकडून औत ओढून घ्यायचं तर हरभऱ्याची चंदी हवी, म्हणजे माणसाच्या ताटातलं धान्य. दुष्काळी पट्ट्यात हे कोणाला परवडणार? शिवाय भीमाकाठच्या भीमथडी तट्टांना मराठी फौजांकडून मागणी असे. चांगलं जनावर पागेत जायचं, औताला नव्हे.

आणि "आपल्याकडे घोडा फक्त लढाईला आणि वरातीला", हे शेपूट तर साफ चूक. धनगरांचा वाडा (म्हणजे एकत्र फिरणारी कुटुंबं) दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतो, तेव्हा सगळं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असतं: भांडीकुंडी, घोंगड्या, वर बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, कधी लहान पोरही. बैलगाडी जात नाही अशा वाटांवर हेच जनावर चालतं. नांगराला ते जुंपलं नाही, कारण ते काम बैल बिनचंदीचा करत होता.