खुलासा: सील झिजलं म्हणून अख्खा हब बदलावा लागत नाही

सायकलच्या हबचं, म्हणजे चाकाच्या मधोमध आसाभोवती फिरणाऱ्या भागाचं, रबर सील फाटलं की हबच बदलायचा, नाहीतर बाहेरून स्प्रेचं पातळ तेल मारत राहायचं, असा सल्ला सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि दुसरीने तर नुकसानच होतं.

सीलचं काम एवढंच: ग्रीस आत ठेवायचं, धूळ-पाणी बाहेर. ते झिजलं म्हणजे हब गेला असं नाही. पातळ तेल मात्र फटीतून शिरून ग्रीस धुऊन काढतं आणि माती सोबत नेतं. असा एक हब मी उघडला, तर आत ग्रीस नव्हतंच. करडा चिखल होता, बोटांत चोळला की वाळूसारखा कचकचणारा.

कार्ट्रिज बेअरिंगच्या (छर्रे आणि कड्या एकत्र बंद असलेल्या) हबमध्ये मुख्य सील बेअरिंगवरच असतं. ते फाटलं तर बेअरिंग बदला. बेअरिंगवरचा आकडा वाचून घ्या: ६००१ म्हणजे आतला व्यास १२, बाहेरचा २८, रुंदी ८ मिलिमीटर, पुढे ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील. सुट्या छर्ऱ्यांच्या हबमध्ये सील बहुधा कोनवर, म्हणजे छर्रे ज्यावर टेकून फिरतात त्या आसावरच्या निमुळत्या नटावर, बसवलेलं असतं. कधी ते सुटं मिळतं, कधी कोनसकट घ्यावं लागतं. बसवताना त्याच्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या.

हब खरंच बदलावा लागतो तो छर्रे जिच्यात फिरतात त्या आतल्या वाटीत खड्डे पडले आणि ती वाटी काढता येत नसेल तेव्हा.

नव्या सीलने चाक सुरुवातीला किंचित जड फिरतं. तेवढ्यासाठी सील काढून टाकू नका.