औषध खरं, मेसेज अर्धवट

खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या हिमोफिलियाबद्दल, म्हणजे रक्त गोठवणारा घटक (फॅक्टर) कमी असल्यानं रक्त लवकर न थांबण्याच्या आजाराबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘हिमोफिलियाला महागडी फॅक्टरची इंजेक्शनं कशाला? अंथरूण ओलं करणाऱ्या पोरांना देतात ते जुनं डेस्मोप्रेसिन नाकात मारा, आजार मुळापासून जातो. डॉक्टर हे लपवतात.’

लपवतात? हे औषध सौम्य हिमोफिलियात उपयोगी पडतं, हे इटलीच्या डॉक्टर मानुच्ची आणि सहकाऱ्यांनी 1977 सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय. औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीतही आहे. इतकं उघड गुपित कुणी ऐकलंय?

‘मुळापासून’ तर मुळीच नाही. हे औषध कणगीतलं धान्य बाहेर काढतं, पेरणी करत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठलेला फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड घटक (हाही रक्त गोठायला मदत करतो) त्यानं रक्तात उतरतो, पातळी दोन ते पाच पट चढते आणि काही तासांत खाली येते. ज्याची पातळी नेहमीच्या 10 टक्के, त्याची 30 झाली तर दात काढण्यापुरतं निभावतं. तीव्र हिमोफिलियात ती 1 टक्क्याहून कमी. तिथं कणगीच रिकामी. हिमोफिलिया बी मध्ये कमतरता फॅक्टर नऊची, त्याला हे औषध हातही लावत नाही.

आता ‘नाकात मारा’. मी मेडिकल चालवतो, आणि मेसेज दाखवून स्प्रे मागणारी माणसं काउंटरवर येतात. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून असलेल्या बाटलीत एका फवाऱ्याला 10 मायक्रोग्रॅम औषध असतं. रक्तस्रावासाठीचा स्प्रे वेगळा, फवाऱ्याला 150 चा. म्हणजे पंधरा फवारे मारायचे का? तेवढं पाणी नाकात टिकत नाही, घशात उतरतं. शिवाय हे औषध लघवी रोखतं. वरून तांब्याभर पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम घसरतं, झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळांना म्हणूनच ते टाळतात. रोज रोज दिलं तर गुणही कमी होत जातो.

फॅक्टर महाग, हे मात्र खरं. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो, पण साठा संपला की पेशंटच्या घरच्यांना हेलपाटे पडतात. त्या रागावरच असले मेसेज पोसले जातात.

सौम्य हिमोफिलिया ए (म्हणजे फॅक्टर आठची कमतरता) असेल, तर डॉक्टरांकडे चाचणी डोसचं विचारा. शिरेतून औषध देऊन तासाभरानं फॅक्टर आठ मोजतात. पातळी पुरेशी चढली तरच पुढं ऑपरेशनला किंवा दात काढायला ते वापरतात.